जर्मन काळीज, इंग्रजी कुत्रा

पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या पहिल्या वर्गाला बसणारा विद्यार्थी मनात काफ्का ठरवून आलेला असतो. काफ्का मुळातून वाचायचा, रिल्के मुळातून वाचायचा, जमलं तर गटेलाही सोडायचं नाही. मग परीक्षा होतात, तीन लिंगं आणि चार विभक्ती अंगात मुरतात, आणि एके दिवशी पोटापाण्याचा प्रश्न उभा राहतो. त्या दिवशी दारात काफ्का येत नाही. येतो तो ड्रिलचा कॅटलॉग. सहाशे पानं, त्यातली पाचशे कोष्टकांची, आणि सोबत कंपनीतल्या साहेबांचा निरोप : "इंग्लिश करून द्या. सोपं आहे, नुसती नावंच तर आहेत."

नुसती नावंच तर लग्नपत्रिकेतही असतात. एखादं चुकवून बघा.

ही नावं असतात धातू कापणाऱ्या हत्यारांची. ड्रिल, टॅप, रीमर, एंड मिल, इन्सर्ट. भोसरी-चाकणच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे शब्द चहा-बिस्किटाइतक्या सहजपणे तोंडात असतात. जर्मनीत रेमशाइड आणि झोलिंगेन ही शेजारची गावं पिढ्यान्‌पिढ्या पोलादाला धार लावत आली आहेत. रेमशाइडला तर हत्यारांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. अशा देशाने हत्यारांना नावं ठेवली ती काही घाईघाईत ठेवलेली नाहीत. अडचण एवढीच, की इंग्रजांनीही ठेवली आणि त्यांनी ठेवताना जर्मनांना विचारलं नाही.

जर्मनबद्दल लोकांची पहिली तक्रार असते ती शब्दांच्या लांबीची. मार्क ट्वेनने १८८० साली 'अ ट्रॅम्प अब्रॉड'च्या परिशिष्टात या भाषेची यथेच्छ धुलाई केली, तेव्हापासून हे गाऱ्हाणं जगभर सुरू आहे. अनुवादकाला मात्र लांब शब्द दिसला की हायसं वाटतं. उदाहरणार्थ 'फोलहार्टमेटालश्पिरालबोरर'. पाहुणे घाबरतात. आपण शांतपणे शेवटाकडून सुरुवात करायची. 'बोरर' म्हणजे ड्रिल. 'श्पिराल' म्हणजे पिळाचं. 'हार्टमेटाल' म्हणजे कार्बाइडचं. 'फोल' म्हणजे अख्खं, भरीव. झालं सॉलिड कार्बाइड ट्विस्ट ड्रिल. शब्द स्वतःची व्याख्या खिशात घालून आलेला असतो. फक्त खिसे उलटे करायचे.

यातही काटेकोर जर्मनांचं समाधान नाही. गणिताच्या हिशेबात स्पायरल सपाट असतं आणि ड्रिलवर असतं ते मळसूत्र, तेव्हा श्पिराल म्हणू नये, 'वेंडेलबोरर' म्हणावं असा त्यांचा आग्रह आहे. कारखान्यातले जर्मन हे ऐकून मान डोलावतात आणि श्पिरालबोररच म्हणतात. इंग्रजीने हा वाद टाळला. स्टीफन मोर्स या अमेरिकन गृहस्थाने १८६३ मध्ये पेटंट घेतलं ते पीळ दिलेल्या ड्रिलचं, आणि नाव पडलं ट्विस्ट. मळसूत्र की स्पायरल, ते ज्याचं त्याने बघावं.

म्हणजे लांब शब्द सज्जन असतात. खरा घात करतात ते आखूड शब्द.

'नूट' घ्या. रोमन लिपीत तीन अक्षरं, आणि लिहिलेला दिसतो हुबेहूब इंग्रजी नटासारखा. पण जर्मनमध्ये नूट म्हणजे खाच. बोल्टावर बसतो त्या नटाला जर्मन म्हणतो 'मुटर', म्हणजे आई. जर्मन फिटर दिवसभर आयांना पान्याने आवळत असतो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. त्यातही बाहेरून खाचा पाडलेला एक गोल नट असतो, त्याचं नाव 'नूटमुटर'. डीआयएन १८०४ या जर्मन प्रमाणकात तो राजरोस बसलेला आहे. खाचेची आई! इंग्रजीत हिचा 'स्लॉटेड राउंड नट' होतो, म्हणजे जर्मनमधला नूट इंग्रजीत स्लॉट झाला, मुटरचा नट झाला, आणि अनुवादकाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

बरं, नूट म्हणजे खाच हे पाठ केलं तरी सुटका नाही. मशीनच्या टेबलावरची नूट म्हणजे स्लॉट. शाफ्टवरची, चावी बसवायची नूट म्हणजे की-वे. ओ-रिंग बसते ती ग्रूव्ह. आणि ड्रिलवरची नूट, जिच्यातून धातूच्या चिपा वर येतात, ती फ्लूट, म्हणजे चक्क बासरी. इथे एक गंमत लक्षात येते. चार पाती असलेल्या एंड मिलला जर्मन 'चार धारांचा' म्हणतो आणि इंग्रज 'चार फ्लूटांचा'. वस्तू एकच. जर्मन मोजतो कापणाऱ्या धारा, इंग्रज मोजतो मधल्या रिकाम्या जागा. आकडा सुदैवाने सारखाच येतो, त्यामुळे दोन्ही देशांत अजून भांडण झालेलं नाही.

याच एंड मिलच्या नावात आणखी एक मतभेद आहे. एंड मिल हे नाव पडलं ते त्याच्या टोकावरून, जिथे तो कापतो. जर्मनमध्ये तो 'शाफ्टफ्रेझर', म्हणजे शँकवाला कटर. शँक म्हणजे मशीनमध्ये पकडायचा दांडा. इंग्रजाने त्याला तोंडावरून ओळखलं, जर्मनाने शेपटीवरून. सपाट पृष्ठभाग काढणाऱ्या कटरला जर्मन 'श्टिर्नफ्रेझर' म्हणतो. 'श्टिर्न' म्हणजे कपाळ. इंग्रजीत तो फेस मिल, म्हणजे कपाळापुरतं काम अख्ख्या चेहऱ्यावर गेलं.

मग मनात येतं, की या गोंधळात काही नियम असेल. पहिली काही पानं झाली की प्रत्येक अनुवादक एक सिद्धान्त मांडतो. सिद्धान्त असा : जर्मन माणूस हत्याराला भावना आणि नातीगोती देतो, इंग्रज त्याला जनावराचं नाव देतो. पुरावे भरपूर मिळतात. लेथवर दोन सेंटरांमध्ये जॉब फिरवताना त्याला पकडून फिरवणारा जो तुकडा असतो, तो जर्मनमध्ये 'ड्रेहेर्ट्स', म्हणजे फिरतं काळीज. आकारही साधारण हृदयासारखा असतो. त्याचं इंग्रजी नाव लेथ डॉग. जर्मन काळजाचा इंग्रजी सीमेवर कुत्रा होतो. ड्रिलच्या मधोमध जो गाभा राहतो त्याला जुने जर्मन लोक 'झेले' म्हणतात. झेले म्हणजे आत्मा. त्या आत्म्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात, हे अध्यात्माच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावं. इंग्रजीत तो आत्मा वेब होतो. वेब म्हणजे जाळं. इंग्रजीत ड्रिलच्या पोटात कोळी बसला. जर्मन जिथे 'टोरुसफ्रेझर' असं भूमितीतलं नाव देतो, तिथे इंग्रज म्हणतो 'बुल नोज', बैलाचं नाक. जर्मन 'श्लागत्सान', म्हणजे फटका मारणारा दात, इंग्रजीत 'फ्लाय कटर' होऊन उडायला लागतो.

सिद्धान्त असा पक्का होत असतानाच पान उलटतं आणि समोर येतो 'श्वाल्बेनश्वान्त्सफ्रेझर'. श्वाल्बे म्हणजे भिंगरी पक्षी, श्वान्त्स म्हणजे शेपूट. इंग्रजीत हा डव्हटेल कटर, कबुतराच्या शेपटीचा. म्हणजे जर्मनही पक्षी पाळतो, फक्त इंग्रजीत गेल्यावर भिंगरीचं कबूतर होतं. त्याच्या पुढे 'इगेलफ्रेझर', म्हणजे हेजहॉग. इंग्रजीत तो पॉर्क्युपाइन, साळिंदर. अमेरिकेत तसाच खडबडीत कटर दिसला की त्याला 'कॉर्न कॉब' म्हणतात, मक्याचं कणीस. जनावर सोडून आपण भाजीबाजारात येतो आणि सिद्धान्त तिथेच, कणसाच्या टोपलीत, सोडून द्यावा लागतो.

रोजच्या व्यवहारातले शब्द कारखान्यात कामाला लागले की त्यांचं काय होतं, हे तर आणखी बघण्यासारखं. 'श्लिख्टेन' हे क्रियापद शहरात भांडण मिटवण्यासाठी वापरतात. पगारवाढीवरून कामगार आणि मालक यांचं फाटलं की मध्यस्थ येतो, तो 'श्लिख्टर'. तेच क्रियापद मशीनवर आलं की फिनिशिंग कट. तेव्हा 'श्लिख्टफ्रेझर' म्हणजे फिनिशिंग कटर. शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचललात तर तंटामुक्ती कटर. 'रॉयमेन' म्हणजे जागा खाली करणं, घर रिकामं करणं. त्यातून 'रॉयमनाडेल', म्हणजे ब्रोच. शब्दशः पाहिलं तर अतिक्रमण हटवणारी सुई. 'राइबआले' म्हणजे घासणारी आरी, मोच्याकडे असते ती आरी, इंग्रजीत रीमर.

सगळ्यांत हिंसक प्रकार 'अॅबश्टेखन'चा. घरगुती जर्मनमध्ये हे डुकराच्या बाबतीत करतात, सुरी भोसकून. लेथवर मात्र बारमधून तयार जॉब कापून वेगळा करणं म्हणजे अॅबश्टेखन. इंग्रजीत या क्रियेला पार्टिंग म्हणतात. जर्मन जिथे भोसकतो तिथे इंग्रज निरोप घेतो. आपल्याकडचा टर्नर "पार्टिंग मारतो" म्हणतो, त्यात दोन्ही देशांचा मान राहतो.

इथपर्यंत हसण्यावारी जातं, कारण अशा चुका झाल्या तरी कुणी फसत नाही. 'अतिक्रमण हटवणारी सुई' वाचून कुठलाही इंजिनियर मशीन चालू करणार नाही. घातक असतात त्या शहाण्यासारख्या दिसणाऱ्या चुका. ड्रिल पकडायच्या चकाला जर्मन 'फुटर' म्हणतो. फुटरचा घरातला अर्थ चारा, जनावराचं खाणं. तीन जबड्यांच्या चकाचं नाव 'द्रायबाकेनफुटर', म्हणजे तीन गालांचा चारा. आता संगणकाने किंवा नवशिक्याने फुटरचं इंग्रजी 'फीड' केलं, तर? फीड हा शब्द मशीनशॉपमध्ये अगदी शोभून दिसतो. पण तिथे फीड म्हणजे हत्याराची सरकण्याची गती, जिला जर्मनमध्ये 'फोरशूब' म्हणतात. 'ड्रिल फीड तपासा' असं छापलं की कामगार इमानदारीत सरकगती तपासतो, आणि चक बिचारा ढिलाच राहतो. वाक्य निर्दोष, व्याकरण निर्दोष, जॉब भंगारात.

याच जातीचा एक खेळ आहे 'न' या अक्षराचा. 'श्पान', एका न-चा, म्हणजे धातूची चीप. 'श्पान', दोन न-चा, म्हणजे आवळून पकडणं. उच्चारात पहिला आ जरा लांब. एका न-चा पृष्ठभाग म्हणजे रेक फेस, ज्याच्यावरून चीप घसरत वर जाते. दोन न-चा पृष्ठभाग म्हणजे जिथे जॉब क्लॅम्प करायचा ती जागा. जिथे कापायचं आणि जिथे पकडायचं, यांच्यात एका न-चं अंतर. आता यात नूट मिसळा. चिपेची खाच म्हणजे श्पान अधिक नूट, जोडताना दोन न. पकडीची खाच म्हणजे दोन न-चा श्पान अधिक नूट, जोडताना तीन न. पण जुन्या जर्मन शुद्धलेखनात तीन सारखी व्यंजनं एकत्र येऊन पुढे स्वर आला तर एक गाळत. त्यामुळे ड्रिलवरची बासरी आणि पकडीसाठीची खाच हे दोन्ही शब्द कागदावर अक्षरशः एकच दिसत. १९९६ साली शुद्धलेखनाची सुधारणा ठरली, १९९८च्या ऑगस्टपासून ती लागू झाली, आणि तिसरा न परत मिळाला. या सुधारणेवरून जर्मनीत लेखक आणि वर्तमानपत्रं खूप भांडली. ड्रिलच्या अनुवादकांना कुणी विचारलं नाही. नाहीतर त्या तिसऱ्या न-ची आम्ही मिरवणूक काढली असती. ड्रॉइंग जुनं असेल तर मात्र अजूनही आधी तारीख बघायची, मग अर्थ लावायचा.

अक्षरांचा असाच दुसरा सापळा 'मेसर' आणि 'मेस' यांच्यात. 'मेसरकॉप्फ' म्हणजे सुऱ्यांचं डोकं, पाती बसवलेला मोठा कटर. 'मेसकॉप्फ' म्हणजे मोजमाप घेणारं डोकं, नाजूक प्रोब. मधला 'र' नजरेतून सुटला की ज्याने कापायचं त्याने मोजायचं, आणि ज्याने मोजायचं त्याने कापायचं.

अक्षरांनी दमवलं की आकड्यांकडे जावं, तिथे तरी भाषा नसेल, असं वाटतं. तेही खरं नाही. जर्मन माणूस दशांशाला स्वल्पविराम देतो आणि हजाराला टिंब. '०,१२' म्हणजे आपला ०.१२ मिलिमीटर, आणि '१.२००' म्हणजे बाराशे. कॅटलॉगात अॅल्युमिनियमसाठी मिनिटाला '१.२००' मीटर कटिंग स्पीड दिला असेल आणि तो आहे तसा इंग्रजीत गेला, तर वाचणारा सव्वा मीटरही पूर्ण नाही अशा वेगाने कटर चालवील. जॉब दिवाळीपर्यंत तयार होईल.

त्याहून सुंदर प्रकार कोनांचा. कटरची मुख्य धार जॉबला किती कोनात भिडते, त्या कोनाला जर्मनमध्ये 'आइनश्टेलविंकेल' म्हणतात. अमेरिकन इंजिनियर तिथे 'लीड अँगल' सांगतो, पण तो मोजतो दुसऱ्या बाजूने. दोघांची बेरीज ९०. जर्मन ७५ अंश म्हणजे अमेरिकन १५ अंश. इथे शब्द बदलून चालत नाही, वजाबाकी करावी लागते. आमच्यापैकी बहुतेकांनी गणिताचा कंटाळा म्हणून भाषा घेतलेली असते. नियतीने कोष्टकाच्या पाचव्या रकान्यात आम्हाला गाठलं. ४५ अंशाचा फेस मिल आला की अनुवादकाचा दिवस चांगला जातो, कारण दोन्ही बाजूंनी ४५च.

इतकं वाचून कुणाला वाटेल की दोष जर्मनचा आहे. इंग्रजीनेही आपल्या परीने हातभार लावला आहे. कटर फिरण्याची दिशा आणि जॉब सरकण्याची दिशा एक असेल तर जर्मन त्याला 'ग्लाइशलाउफ' म्हणतो, सोबत धावणं. उलट असेल तर 'गेगेनलाउफ', विरुद्ध धावणं. लहान मुलालाही कळेल. इंग्रजीत यातल्या पहिल्या प्रकाराला दोन नावं आहेत : 'क्लाइम्ब मिलिंग' आणि 'डाउन मिलिंग'. चढणारं मिलिंग आणि उतरणारं मिलिंग हे एकच. आणि दुसऱ्या प्रकाराला 'अप मिलिंग' म्हणतात, ते चढणारं नव्हे. यावर कुठल्याही इंग्रजाने अजून माफी मागितलेली नाही.

ब्रिटनमध्ये खाच पाडणाऱ्या दोन धारांच्या कटरला 'स्लॉट ड्रिल' म्हणतात. तो ड्रिल नाही, मिलिंग कटर आहे. जर्मनही त्याला प्रामाणिकपणे कटरच म्हणतो, 'लांगलॉखफ्रेझर', लांबट भोकाचा कटर. तोच जर्मन आटे पाडायच्या टॅपला मात्र 'गेविंडेबोरर' म्हणतो, म्हणजे आट्यांचं ड्रिल. टॅपने भोक पडत नाही, आधी पाडलेल्या भोकात आटे पडतात. एकूण ड्रिल नसलेल्या वस्तूला ड्रिल म्हणण्याचा मान प्रत्येक देशाने एकेकदा घेतला आहे. आरपार न जाणाऱ्या भोकाला जर्मन 'झाकलॉख' म्हणतो, पोत्यासारखं तळ असलेलं भोक. इंग्रज त्याला 'ब्लाइंड होल' म्हणतो. लेथच्या टेलस्टॉकमध्ये जॉबबरोबर फिरणारं टोक जर्मनमध्ये 'सोबत धावणारं', इंग्रजीत 'लाइव्ह सेंटर'. न फिरणारं जर्मनमध्ये 'पक्कं', इंग्रजीत 'डेड सेंटर'. आणि ज्याच्या चारी बाजूंना जॉब बांधायचे तो उभा खांब, ज्याला जर्मन 'पकडीचा मनोरा' म्हणतो, त्याचं अमेरिकेत थडगं होतं, 'टूम्बस्टोन'. अपंगत्व, जिवंतपणा, मरण आणि दफन, सगळं एकाच शेडखाली.

काही शब्दांनी मात्र अनुवादाची कटकटच ठेवली नाही. १९२३ साली बर्लिनच्या ओसराम कंपनीत कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट एकत्र करून एक कठीण पदार्थ तयार केला. दिव्याच्या टंगस्टनची बारीक तार ओढायला हिऱ्याच्या डाया लागत, त्या परवडेनात म्हणून ही खटपट. पुढे एसेनच्या क्रुप कंपनीने तो बाजारात आणला आणि नाव दिलं 'विडिया' : 'वी दियामांट', हिऱ्यासारखं. १९२७च्या लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांनी पाहिला. जर्मन आज या पदार्थाला सरळ हार्टमेटाल म्हणतो, इंग्रज सिमेंटेड कार्बाइड म्हणतो, ज्यात सिमेंटचा कणही नसतो. आणि आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये त्याचं नाव आजही विडिया. ही संधी, हा समास, हा हिरा, काही माहीत नसताना "विडिया टूल दे" म्हणणारा हेल्पर शुद्ध जर्मन बोलत असतो.

तशीच अक्षरं व्हीबी. हत्याराची झीज मोजताना जगभरचे संशोधक झिजलेल्या पट्ट्याच्या रुंदीला व्हीबी म्हणतात. आयएसओ ३६८५ या प्रमाणकातही तेच आहे. हा 'फेरश्लाइसमार्केनब्राइटे' या जर्मन शब्दाचा संक्षेप. मूळ शब्द कुणालाच उच्चारायचा नव्हता, म्हणून सगळ्यांनी एकमताने संक्षेप स्वीकारला. एचएसके टूलहोल्डरचंही तेच : 'होलशाफ्टकेगेल', पोकळ शँकचा शंकू. चाकणमध्ये एचएसके-६३ मागा, मिळेल. होलशाफ्टकेगेल मागा, चहा मिळेल. एचएसएसची तर कमालच. इंग्रजीत ते हाय स्पीड स्टील, जर्मनमध्ये त्याच तीन अक्षरांची फोड वेगळी आणि दुप्पट लांब, आणि दोन्ही बरोबर. अनुवादकाला मिळालेली ही एवढीच भरपगारी रजा.

या सगळ्या गोंधळावर उतारा सापडतो तो शब्दकोशात नाही. रिशार्ड एर्न्स्ट यांचा औद्योगिक तंत्राचा जाडजूड कोश आमच्या धंद्यात वडीलधाऱ्यांच्या जागी आहे, आणि तो वडीलधाऱ्यांसारखाच एका प्रश्नाला सहा उत्तरं देतो. 'फाझे' या शब्दापुढे चॅम्फर आहे, लँड आहे, मार्जिन आहे. कुठलं घ्यायचं हे सांगायला कोश तुमच्याबरोबर बसलेला नसतो.

भोसरीत एका छोट्या शेडमध्ये टूल ग्राइंडिंग करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे मी 'फाझे' असलेलं असंच एक पान घेऊन गेलो. त्यांनी पान बाजूला ठेवलं. "सर, हा जर्मन शब्द राहू द्या. ड्रिलवर हे कुठंय ते दाखवा."

मी चित्रावर बोट ठेवलं. त्यांनी खोक्यातून तसलंच ड्रिल काढलं, उजेडात धरलं आणि कडेच्या बारीक पट्टीवर नख फिरवलं. "ही होय? ही मार्जिन. हिच्यावर ड्रिल भोकात टेकून चालतं. टोकाला असती तर चॅम्फर म्हणालो असतो."

"आणि लँड?"

"ते एंड मिलला. उद्या या, आज धार लावायचं काम फार आहे." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचे ते जर्मन लोक तिन्हीला एकच म्हणतात?"

"हो."

"मग त्यांच्याकडं चित्र काढून पाठवत असतील."

काकांना जर्मन येत नाही आणि इंग्रजी कामापुरतं येतं. पण त्यांना इन्सर्टच्या डबीवरचं 'सीएनएमजी १२०४०८' वाचता येतं. सी म्हणजे ८० अंशांचा शंकरपाळी आकार, एन म्हणजे शून्य अंश क्लिअरन्स, एम म्हणजे टॉलरन्सचा वर्ग, जी म्हणजे भोक आणि दोन्ही बाजूंना चिपब्रेकर. १२ धारेची लांबी, ०४ जाडी, ०८ म्हणजे टोकाची ०.८ मिलिमीटर त्रिज्या. आयएसओ १८३२ची ही भाषा श्टुटगार्टचा टर्नर आणि भोसरीचा टर्नर एकाच अर्थाने वाचतात. जिथे वस्तूच्या मापावरून नाव ठरलं, तिथे अनुवादकाची गरजच उरली नाही. आम्हाला पैसे मिळतात ते उरलेल्या ठिकाणी, जिथे नाव एकाने मागून बघून ठेवलंय आणि दुसऱ्याने पुढून.

हल्ली संगणक अनुवाद करतो आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा करतो. श्लिख्टफ्रेझरला तो तंटामुक्ती वगैरे म्हणत नाही. पण त्याच्याही समोर शब्दच असतो, ड्रिल नसतं, आणि सुट्या कोष्टकातल्या एकट्या 'फाझे'पुढे तोही तीनांतला एक पर्याय आत्मविश्वासाने निवडतो. माणूस अडला की निदान विचारायला तरी जातो.

तेव्हा कॅटलॉग पाठवणाऱ्या समस्त इंजिनियर मंडळींना हात जोडून विनंती. शब्दांची यादी एकटी पाठवू नका. सोबत ड्रॉइंग पाठवा, आणि बाण काढून पाठवा. ड्रॉइंग कुठल्या सालचं आहे ते लिहा. इंग्रजी ब्रिटनसाठी हवं की अमेरिकेसाठी, हे काम सुरू होण्याआधी सांगा, छपाईनंतर नको. जमलं तर अनुवादकाला एक दिवस मशीनपाशी उभं करा; सेफ्टी शूज आम्ही आमचे आणू. आणि एवढं करूनही वेळ नसेल, तर निदान 'नुसती नावंच तर आहेत' हे वाक्य निरोपातून काढून टाका. त्याने दर वाढतो.